मान्सुर्यानचं रिक्विएम, अल्टोची ओळ आणि 'एइस' हा शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळच्या पुण्याच्या, आता जर्मनीत. लहानपणी प्रवेशिका पूर्णपर्यंत शास्त्रीय गाणं शिकलात. तिथल्या हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या गटात, तुम्हाला अल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजांत, बसवलंय. येत्या एप्रिलसाठी कॉयरने आर्मेनियन संगीतकार तिग्रान मान्सुर्यान यांचं रिक्विएम, म्हणजे मृतांच्या विश्रांतीसाठीच्या प्रार्थनेची रचना, घेतलंय आणि हातात चोवीस आठवडे आहेत. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, अडखळत वाचता येतं. तुम्ही जीव ओतून गायलात की कंडक्टर 'सरळ, सरळ' म्हणून थांबवतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन वंशसंहारात गेलेल्यांसाठीचं हे गाणं आपण परक्यांनी कोणत्या तोंडाने गायचं, आणि गाताना रडू आलं तर काय करायचं.

नोटेशनची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त केली आहे, पण तो यातला सोपा भाग आहे. रोज थोडा वेळ दिला तर दहा आठवड्यांत डोळा बसतो. खरी अडचण वेगळी आहे. ख्यालात सूर तुमचा असतो, एका सुरावरून दुसऱ्यावर जायची वाट तुमची, कुठे थांबायचं आणि कुठे श्वास घ्यायचा तेही तुम्हीच ठरवता. कॉयरमध्ये यातलं काहीही एकटीचं नाही. सहा-सात वर्षं अंगात भिनवलेली सवय चाळीस जणांत उभं राहून बाजूला ठेवायची आहे, आणि ती मोडून न टाकता ठेवायची आहे, कारण त्यातलं बरंच उपयोगाचं आहे. तुमचा शेवटचा प्रश्नही मला याच अडचणीचा दुसरा भाग वाटतो. त्याकडे नंतर येते.

काही गोष्टी तुमच्या कॉयरवर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. अल्टो किती आहेत? सहा असतील तर प्रत्येकीला एकटीने ओळ पेलता यायला हवी, सोळा असतील तर मिसळणं जास्त महत्त्वाचं. कार्यक्रम चर्चमध्ये आहे की सभागृहात? लॅटिनचे उच्चार जर्मन पद्धतीने की इटालियन? वाद्यवृंद येणार आहे की पियानोवर भागवणार? या चार उत्तरांवर खालच्या सल्ल्यातलं बरंच कमीजास्त होईल.

आधी रचनेबद्दल, कारण सूर कसा लावायचा ते त्यातूनच कळतं. मान्सुर्यान यांचा जन्म १९३९ साली बैरूतमध्ये झाला, १९४७ मध्ये कुटुंब सोव्हिएत आर्मेनियात परतलं. हे रिक्विएम २०११ सालचं. सोप्रानो (बाईचा वरचा आवाज) आणि बॅरिटोन (पुरुषाचा मधला आवाज) असे दोन एकल गायक, मिश्र कॉयर आणि फक्त तंतुवाद्यांचा वृंद, एकूण साधारण पाऊण तास. भाग आठ : रिक्विएम एटेर्नाम, कीरिए, दिएस इरे, तुबा मिरुम, लाक्रिमोसा, दोमिने येसू, सांक्तुस, आग्नुस देई. 'तुबा मिरुम' म्हणजे अखेरच्या दिवशी वाजणारी तुतारी, पण इथे पितळी वाद्य एकही नाही. ती तुतारी माणसांच्या गळ्यातून आणि गजाच्या तारांतूनच उभी करायची आहे. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी आवाजाचा अंदाज येईल. ओरडून ही रचना मोठी होत नाही.

पाठ रोमन कॅथलिक पंथाचा लॅटिन. ज्यांच्यासाठी तो गायचा ते मृत बहुतांशी आर्मेनियन अपोस्टॉलिक चर्चचे. त्यांच्या मृतांसाठीच्या प्रार्थनाविधीला 'होगेहांगिस्त' म्हणतात, शब्दशः आत्म्याची विश्रांती, आणि 'दिएस इरे'सारखं क्रोधाच्या दिवसाचं लांबलचक काव्य त्या परंपरेत नाही. म्हणजे शब्द एका चर्चचे आणि सुरांचं वळण दुसऱ्या चर्चचं, त्यांच्या एकस्वरी स्तोत्रगायनाचं आणि लोकगीतांचं. या वळणामागे कोमितास वार्दापेत उभे आहेत. संन्यस्त धर्मगुरू, १८९६ ते १८९९ या काळात बर्लिनमध्ये संगीत शिकले, नंतर गावोगाव फिरून हजारो लोकगीतं टिपून घेतली. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) दोनशेहून अधिक आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, धर्मगुरूंना पकडलं, त्यांत कोमितास होते. त्यांना पुढे सोडण्यात आलं, पण मन सावरलं नाही. १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात ते गेले. तुमचा कार्यक्रम एप्रिलमध्ये का ठेवलाय ते या तारखेवरून कळेल.

आता गळ्याकडे येऊ.

तुमचा सा बहुधा काळी चार किंवा काळी पाच असेल. अल्टोची खालची सीमा साधारण पांढरी पाचचा सूर, म्हणजे काळी चारच्या षड्जाखालचा शुद्ध निषाद. वर जायचं ते तार सप्तकातल्या मध्यमाच्या आसपास. पल्ला तुमच्याकडे आहे. अडचण येते वरच्या टोकाला. आपल्याकडे तार षड्जापर्यंत आणि पुढेही छातीचा खुला आवाज नेतात, माइकसमोर एकट्या गायिकेला तो शोभतो. कॉयरमध्ये तोच आवाज तार षड्जाच्या वर बाकीच्या सगळ्या अल्टोंना फाडून बाहेर येतो आणि हळू गायचं असेल तेव्हा खाली घसरतो. मध्य सप्तकाच्या धैवतापासूनच आवाज हलका करायला लागा, डोक्यात गुंजेल असा. सराव साधा आहे. तोंड मिटून गुंजनाने तार षड्जावर लागा, तिथून 'ऊ'कारात खाली मध्यमापर्यंत या, जाड होऊ देऊ नका. वरून खाली आणलेला हलकेपणा टिकतो, खालून वर नेलेला जडपणा वाटेत टाकता येत नाही.

'सरळ' म्हणजे काय ते कंडक्टरने सांगितलं नसेल, तर मी सांगते. तुमच्या गाण्यात तीन गोष्टी ऐकू येत असणार. सुराला खालून स्पर्श करून वर येणं, दोन सुरांमध्ये मींड, आणि लांब सुरावर अखेरीला हलकं आंदोलन. तिन्ही आपल्याकडे संस्कार म्हणून शिकवलेल्या गोष्टी, चुका नव्हेत. पण बारा अल्टोंनी रे वरून म वर मींड घेतली तर बारा वेगवेगळ्या गतींनी घेतील, आणि ऐकणाऱ्याला रे, ग, म तिन्ही एकदम ऐकू येतील. त्या क्षणी टेनरचा, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाचा, सूर तुमच्या गंधारावर आपटतो आणि एकत्र लागलेल्या सुरांचा अख्खा स्वरसंघ गढूळ होतो. म्हणून सूर पायरीसारखा बदलायचा. घरी मेट्रोनोम ६० वर लावून एक सूर आठ ठोके धरा, नवव्या ठोक्याला पुढचा सूर, मधे काहीही नाही. सुरुवातीला कोरडं वाटेल. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. गाताना 'मी अगदी सरळ गेले' असं वाटतं तिथे रेकॉर्डिंगमध्ये हमखास कण सापडतो. आर्मेनियन चालींत मुरकीसारखी छोटी वळणं असतात, ती स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, असतील तेवढीच, छापली आहेत त्याच मात्रांत, सगळ्यांनी मिळून घ्यायची. आपली एकही नवी घालायची नाही.

सरगम लिहावी का असं विचारलंत. सगळीकडे लिहू नका. सरगम लिहिली की डोळा अक्षरांना चिकटतो आणि पाच रेघांवरची चढउतार दिसायची राहूनच जाते. शिवाय तुमचा सा हलता आहे आणि इथे आधारसूर मधेच बदलू शकतो. जिथे तो बदलतो तिथे पेन्सिलने फक्त 'नवा सा' असं लिहा, आणि एखादी अवघड उडी असेल तिथे दोन सुरांची सरगम. बाकी जागा कोरी ठेवा. स्कोअर भाड्याचा असेल तर मऊ पेन्सिलच वापरा, परत करताना खोडावं लागतं. आणि त्याची झेरॉक्स काढू नका, जर्मनीत छापील स्वरलिपीची झेरॉक्स खासगी वापरालाही कायद्याने चालत नाही.

राग शोधायचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. हे थोडं सविस्तर सांगते, कारण शास्त्रीय शिकलेले बहुतेक सगळे इथेच फसतात. आर्मेनियन लोकसंगीताची बांधणी कोमितास यांनी चार-चार सुरांच्या साखळीने समजावली आहे. एका कडीचा शेवटचा सूर तोच पुढच्या कडीचा पहिला. आपल्या भाषेत : सा रे ग म ही पहिली कडी. म प ध आणि कोमल नी ही दुसरी. तिसरी कडी कोमल नीपासून, नी सां रें आणि मग कोमल गं. म्हणजे खाली गंधार शुद्ध आणि वर गेल्यावर तोच कोमल. आपल्या कानाला सप्तक पुन्हा तसंच्या तसं यायची सवय आहे, इथे ते येत नाही. पहिल्या दोन कड्या ऐकून मन म्हणतं, हा तर खमाज. मग वरचा गंधार आपोआप शुद्ध लागतो, अर्ध्या सुराने चढा, आणि तुम्हाला तो बरोबरच वाटत राहतो. ही साखळी ज्याच्या कानात मुरलेली आहे असा संगीतकार तुम्ही गाता आहात. रचनेत ती उघड दिसो वा न दिसो, ओळ वर चढली की थांबून प्रत्येक सूर छापील खुणेशी ताडून पाहा. रागाचं नाव मनात आलं की समजा, आता चूक होणार.

तुमच्या तालमीचा सगळ्यात मोठा फायदा सुराच्या नेमकेपणात आहे. तानपुऱ्यावर तयार झालेला कान शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित खाली ऐकतो, सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. पियानोवर तालीम चालू असताना तुम्ही उतरलेल्या वाटाल, तेव्हा पियानोचं ऐका. पण तंतुवाद्यांबरोबर लांब धरलेल्या स्वरसंघात तोच खालचा गंधार स्थिर आणि गोड बसतो, आणि चांगला कंडक्टर तो मागतो. तुमच्या हातात स्वरसंघातला तिसरा सूर आहे की पाचवा, हे स्कोअरमध्ये खुणेने लिहून ठेवा. तिसरा असेल तर दाबून चढवू नका. पाचवा असेल तर भक्कम धरा, तो पंचम आहे, तुम्हाला झोपेतही लागतो.

आर्मेनियन दुदुक, म्हणजे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य, वाजवताना दुसरा वादक एकच आधारसूर सतत धरतो, त्याला 'दाम' म्हणतात. आपल्या तानपुऱ्याचा तो दूरचा भाऊ म्हणा. म्हणून पहिले दोन महिने घरी तानपुरा अ‍ॅप खुशाल वापरा, त्या भागाच्या आधारसुरावर लावून. अ‍ॅपची मूळ पट्टी मात्र तपासा. बहुतेक अ‍ॅप ४४० हर्ट्झवर असतात, जर्मनीतले वाद्यवृंद ४४२-४४३ वर लावतात. फरक लहान आहे, पण दोन महिने एकाच उंचीवर घोटल्यावर गळ्याच्या आठवणीत तोच बसतो. शेवटचे आठ आठवडे अ‍ॅप बंद. आधार नसताना सूर टिकवणं हेच तेव्हा शिकायचंय.

साथ नसलेल्या जागी कॉयर उतरतो तो कधीच एकदम उतरत नाही. तीन ठिकाणी गळती होते. खाली येणारी पायरी गरजेपेक्षा मोठी पडते. एकच सूर पाच-सहा वेळा आला की प्रत्येक वेळी केसभर खाली बसतो, आणि अल्टोच्या वाट्याला असे सूर भरपूर येतात. तिसरं म्हणजे 'ए' आणि 'इ' हे स्वर तोंड आडवं करून चपटे होतात आणि सूर सोबत घेऊन जातात. उपाय त्याच क्रमाने. खाली येताना पायरी लहान घ्यायची. तोच सूर पुन्हा आला की मनात एकेक इंच वर ठेवायचा. 'ए' म्हणताना ओठ उभे, 'ओ'च्या जवळ.

श्वासाबद्दल थोडक्यात. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर भिंतीला भोक पडतं, म्हणून तो विखरून घेतात. शेजारणीशी ठरवून घ्या, ती दुसऱ्या शब्दाच्या मध्ये, तुम्ही चौथ्या शब्दाच्या मध्ये. श्वास स्वरावर असताना घ्यायचा, व्यंजनाजवळ नाही, बारच्या, म्हणजे मात्रांचे विभाग पाडणाऱ्या, रेघेवर तर नाहीच, कारण तिथे सगळेच घेतात. परत येताना आधीपेक्षा हळू आवाजात आत शिरा आणि मग भरा.

उच्चारांत मराठी माणसाला नशिबाने बरंच फुकट मिळालंय. लॅटिनचा त आणि द दंत्य आहे, आपल्या 'तार' आणि 'दार' मधला. जर्मन गायकांना त्यासाठी जीभ वळवावी लागते, त्यांच्या त मधून हवा सुटते. तुम्ही फक्त इंग्रजीच्या सवयीने 'डोना', 'डोमिने' म्हणू नका : दोना, दोमिने. 'luceat' हा शब्द जर्मन पद्धतीत 'लूत्सेआत', इटालियनमध्ये 'लूचेआत'. इथे आपले दोन च कामी येतात. जर्मन हवा असेल तर 'चाक' आणि 'चाळ' मधला च, इटालियन हवा असेल तर 'चिमणी' मधला. 'आग्नुस' जर्मनमध्ये लिहिलंय तसं, इटालियनमध्ये 'आन्युस'. 'रेक्विएम' जर्मनमध्ये वजनदार व ने, इटालियनमध्ये 'रेकुइएम' च्या जवळ. दोन्हींची भेसळ झाली तर शब्द ऐकूच येत नाही. व्यंजन ठोक्याच्या आधी, स्वर बरोबर ठोक्यावर. चर्चमध्ये आवाज घुमत असेल तर व्यंजन आणखी आधी आणि आणखी टोकदार. शब्दाअखेरचा स प्रत्येक विभागात दोघींनीच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा, नाहीतर सापांचं वारूळ फुटल्यासारखं वाटतं. शेवटचा म मात्र सगळ्यांचा, ओठ मिटून सूर चालू ठेवून.

आणि 'eis'. हे 'ए-इस' आहे, दोन अक्षरं, मधे य येऊ द्यायचा नाही आणि 'ऐस' असं जोडायचंही नाही. जर्मनमध्ये याच अक्षरांचा उच्चार 'आइस' होतो आणि अर्थ बर्फ, त्यामुळे पहिल्या तालमीत अर्धा कॉयर बर्फच मागतो. तुम्ही 'ए' लांब धरा आणि 'इ' अगदी शेवटच्या क्षणी हळूच ठेवा.

'दिएस इरे' वेगामुळे घाबरवतं. त्याची चावी काव्यातच आहे. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची, तीन ओळींचं कडवं, तिन्हींना एकच यमक : इल्ला, फाविल्ला, सिबिल्ला. लहान अभंगाचा आठ अक्षरी चरण तुमच्या जिभेला ठाऊक आहे, तसंच हे टाळी देत म्हणून पाहा, सुराशिवाय. अर्ध्या वेगात दहा वेळा, मग तीन-चतुर्थांश वेगात, मग पूर्ण. जीभ सुटली की सूर लावा, उलट क्रमाने नको. वेगात आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरा. व्यंजनं धारदार ठेवली की भीती आपोआप ऐकू येते.

चोवीस आठवड्यांचा हिशेब मी असा लावेन. पहिले तीन आठवडे पाठ आणि उच्चार, अर्थ शब्दाशब्दाखाली मराठीत लिहून. दहाव्या आठवड्यापर्यंत सगळे सूर. त्यानंतर सोळाव्यापर्यंत प्रवेशाच्या जागा : तुमचा पहिला सूर तुम्हाला कोण देतं, टेनर, व्हायोला की आधीच्या ओळीतला तुमचाच शेवटचा सूर, तिथे गोल करून बाण काढायचा. विसाव्यापर्यंत कीबोर्डशिवाय. शेवटचे चार आठवडे एकल गायक, वृंद आणि प्रत्यक्ष जागा. रोज पंचवीस मिनिटं पुरेत. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. अल्टो गाताना एका हाताने टेनरची ओळ कीबोर्डवर वाजवता आली तर सोन्याहून पिवळं.

आता तुमचा मूळ प्रश्न, परक्याने कसं गायचं.

नेहमीच्या मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक प्रार्थनासभेच्या, पाठात 'आग्नुस देई' शेवटाकडे 'दोना नोबिस पाचेम' असं येतं. देवाच्या कोकरा, आम्हाला शांती दे. रिक्विएमच्या पाठात तीच जागा बदलते : 'दोना एइस रेक्विएम'. त्यांना विश्रांती दे. 'नोबिस'चं 'एइस' झालं, आम्हाला-चं त्यांना झालं. पहिल्या भागाची सुरुवातही 'रेक्विएम एटेर्नाम दोना एइस' अशीच. म्हणजे या ओळींत गाणारा स्वतःसाठी मागतच नाही. दुःख त्याचं आहे असा दावा तो करत नाही, तो मेलेल्यांच्या वतीने उभा राहून मागतो. तुम्ही आर्मेनियन असतात तरी शब्द हेच असते, 'त्यांना'. तुम्ही ज्या परकेपणाने अवघडून गेल्या आहात तो या ओळींच्या व्याकरणातच आहे, आणि उभं राहायला जागाही त्यानेच दिली आहे. पाठात आर्मेनियाचं नाव नाही, वाळवंटाकडे चालवत नेलेल्या काफिल्यांचं वर्णन नाही, आकडा नाही. ते सगळं ऐकणाऱ्याला आणि गाणाऱ्याला ठाऊक असायला हवं, आणि ते 'एइस' या दोन अक्षरांत ठेवायचंय. म्हणून कंडक्टर 'सरळ' म्हणतात त्याचा अर्थ भाव काढून टाका असा नाही. 'मला किती वाईट वाटतंय' हे सुरातून काढलं की 'त्यांना' ऐकू यायला जागा होते. करुण रस रंगवून दाखवायचा असतो असं आपण शिकलो, इथे तो स्वरसंघात आधीच लिहून ठेवलाय. तुम्ही तुमचा सूर नेमका लावला की तो उमटतो, नाही लावलात तर कितीही आर्जव केलंत तरी उमटत नाही. मी तरी अल्टोच्या गटाला भाव कधी वेगळा शिकवत नाही, 'एइस' वरचा सूर पुन्हा पुन्हा तपासायला लावते.

कार्यक्रमपत्रिकेचं काम तुमच्याकडे आलंय असं लिहिलंत, तर दोन गोष्टी जपा. पहिली, शब्द. 'दुर्दैवी घटना', 'युद्धातली हानी' असलं काही नको. वंशसंहार हाच शब्द, जर्मनमध्ये 'फोल्करमोर्ड'. तो काळ पहिल्या महायुद्धाचा, जर्मनी ऑटोमन साम्राज्याचा मित्र होता, आणि २ जून २०१६ रोजी बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, ठराव करून हा वंशसंहार होता असं म्हटलं, त्यात जर्मन साम्राज्याच्या वाट्याचा उल्लेखही आहे. जर्मनीत गाताय म्हणून ही ओळ पत्रिकेत हवी. तुर्कस्तान सरकार हा शब्द नाकारतं. कॉयरमध्ये किंवा श्रोत्यांत तुर्की घरांतले लोक असू शकतात, तर याबद्दलचं बोलणं कंडक्टरने पहिल्या महिन्यातच मोकळेपणाने करावं, कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे नव्हे.

दुसरी गोष्ट बहुतेकांकडून निसटते. २३ एप्रिल २०१५ रोजी एच्मियाद्झिन या आपल्या मुख्य पीठात आर्मेनियन चर्चने या वंशसंहारातल्या मृतांना संतपद दिलं. सोहळा संध्याकाळी सव्वासातला संपला, घड्याळात १९:१५, वंशसंहाराच्या वर्षाचाच आकडा. संतांसाठी होगेहांगिस्त करत नाहीत, कारण त्यांच्या आत्म्याला विश्रांती मिळो अशी प्रार्थना करायची गरज उरत नाही, उलट त्यांनाच आपल्यासाठी मध्यस्थी करायला विनवतात. म्हणून 'आर्मेनियन चर्चमध्येही या दिवशी हेच रिक्विएम म्हणतात' असं पत्रिकेत लिहू नका, ते चूक ठरेल. ही मैफलीसाठीची रचना आहे, विधी नव्हे. गावात आर्मेनियन मंडळी असतील तर त्यांना आधी भेटा, सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणाला एखादं स्तोत्र म्हणायचंय का विचारा, आणि ते नको म्हणाले तर आग्रह धरू नका. भागांच्या मधे टाळ्या नकोत आणि शेवटी कंडक्टरचा हात खाली येईपर्यंत शांतता, एवढी ओळ पत्रिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापा.

राहिलं रडू. ते येणारच, फक्त कधी यायचं ते आपल्या हातात थोडं आहे. रडताना स्वरयंत्र वर चढतं, घशाच्या मागचा मऊ टाळू खाली येतो, सूर आधी नाकात जातो आणि मग उतरतो. म्हणून १९१५ बद्दलचं वाचन, छायाचित्रं, त्यातून जीव वाचलेल्या माणसांच्या आठवणी, हे सगळं कार्यक्रमाच्या आठ-दहा आठवडे आधी उरका आणि तेव्हा मनसोक्त रडा. कार्यक्रमाच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. त्या दिवशी पोट हलकं, पायांत सपाट बूट, पाऊण तास उभं राहताना गुडघे ताठ आवळायचे नाहीत, त्याने चक्कर येते. तरीही 'लाक्रिमोसा'त घसा दाटला, तर ओढूनताणून सूर काढू नका. तोंड हलतं ठेवा, शब्द मनात चालू ठेवा, नजर कंडक्टरच्या हातावर. सूर शेजारणीकडे आहे, ती धरेल. नाकाने एक लांब श्वास, खालचा जबडा सैल, आणि बाण काढून ठेवलेली पुढची प्रवेशाची जागा आली की हळू आवाजात परत आत या.